नाही म्हनाचं ट्रेनिंग

— इंजिनेर नाही जी, इंजिनेर नाही मी, तेच तं मघापासून सांगून राह्यलो. कारभाऱ्यानं तुमाले तसं सांगतलं असंन, त्याचा काही दोष नाही, सोयरीक जमवनारा मानूस हाय तो, कोतवालालेबी तहसीलदार म्हनून सांगते. मी बांधकामात हाय हे खरं — म्हनजे इथी जळगावच्या पंचायत समितीत बांधकामाच्या टेबलावर बसतो. बांधत काही नाही. ठेकेदारायचे टेंडर घेतो, पेटीत टाकून घेतो, उघडाच्या दिवशी सायबापुढं ठेवतो. आता त्याले निविदा म्हना लागते, सगळा कारभार मराठीत कराचा हाय ना — पन ठेकेदारापुढं निविदा म्हटलं तं तो इचारते, ही कोन बाई आनली आनखी. बसा, नीट टेकून बसा, नारायणराव. आई शेजारी दूध आनाले गेली, येईनच. काका वावरातून येऊन राह्यले. तोवर मलेच पाहून घ्या, पाहाले तं आले ना तुमी एवढे नांदुऱ्याहून — पाहन्यासारखं लय काही नाही, ते तुमाले दिसूनच राह्यलं असंन.

हो, ट्रेनिंग झालं, ते मात्र कारभाऱ्यानं खरं सांगतलं. आपल्या जिल्ह्याच्या गावी, बुलढान्याले. आता मले कसं पाठवलं ते आयका, म्हनजे तुमची पोरगी कोनाच्या घरी देऊन राह्यले ते तुमाले समजंन. जिल्हा परिषद नवी नवी झाली, आन् रस्ते, शाळा, विहिरी, सगळ्या कामायचे ठेके एकदम आमच्या टेबलावर येऊन पडले. आधी कसं होतं — ठेकेदार येई, सायबाच्या बाजूले बसे, पान खाई, काम घेऊन जाई. आता कायदा आला. पाकीट बंद पाह्यजे, पेटीले लाखेचा शिक्का लावेल पाह्यजे, वेळ टळली की घेनं बंद. एका तालुक्यात — कोन्या ते नाही सांगत — बाबूनं वेळ टळल्यावर पाकीट घेतलं आन् बिचारा घरी बसला. मंग वरून हुकूम आला, हरएक समितीतून एक मानूस शिकाले पाठवा. आमच्या हापिसात जे शाने होते त्यायले नेमकं तवाच काम निंगालं. मले म्हटलं, हिंमतराव, जाता का. मी म्हटलं, हाव. मी हावच म्हनतो जी. कोनी काही इचारलं की माह्या तोंडून हाव निंगते, मंग मी आयकतो की काय इचारलं होतं. गावात दोन भजनी मंडळं हायेत, त्यायचं आपसात बोलनं नाही, आन् मी दोन्हीचा चिटनीस हाय. बापानं हिंमतराव नाव ठेवलं आन् लवकर गेला — पुढं काय झालं ते पाहाले राह्यला नाही, एका अर्थानं सुटला.

तं बुलढाना. उन्हाळ्यातबी हवा थंड. एका शाळेत वर्ग भरे, पोरायच्या बाकड्यावर आमी एवढाले घोडे बसलो, गुडघे छातीले लागत. शिकवाले पुन्याकडचे एक सायेब, बांधकाम खात्यातून रिटायर झालेले, आवाज कसा मऊ — कोनालेबी आपण म्हनत. मले पहिल्या दिवशी म्हटले, "आपण पुढे या." मी मांगं पाह्यलं, म्हटलं अजून कोन कोन जाऊन राह्यलं. पहिले काही दिवस बरे गेले. पाकिटावर वेळ कशी लिहाची, सगळ्यायपुढं पेटी कशी उघडाची, कोनाचा भाव काय त्याचा तक्ता कसा कराचा — हे मले जमे. लाख लावाले तं माह्यासारखा हात कोनाचाच नव्हता, सायबानं माह्यी लाख वर्गाले दाखवली. मी घरी आईले सांगतलं तं आई म्हने, त्यासाठी बुलढान्याले कायले जा लागते. पन शेवटी शेवटी सायबानं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिवलं — वर्तन. म्हनजे ठेकेदारासंग बोलाचं कसं. आन् तथी माह्यी बैलगाडी फसली.

सायबानं जोड्या पाडल्या. एकानं बाबू व्हाचं, एकानं ठेकेदार. ठेकेदारानं वेळ टळल्यावर पाकीट घेऊन याचं आन् बाबूनं नाही म्हनाचं. बस, एवढंच. माह्यासंग पहिले खामगावचा एक जन बसला. त्यानं पाकीट पुढं केलं, म्हने, "सायेब, एस्टी फेल झाली होती." मी पाकीट घेतलं. घेतलं म्हनजे — हातानंच घेतलं, मले काही पत्ता लागला नाही. वर्ग हासला. सायेब म्हटले, "अहो, आपण नाही म्हणायचं आहे." मी म्हटलं, हाव. परत हासले. मंग दुसऱ्या खेपेले मी नुसतं "पाहू" म्हटलं. तिसऱ्या खेपेले म्हटलं, "बसा, चा घ्या, काहीतरी करू." सायबानं चष्मा काढून पुसला. मंग माह्या जोडीले बसाले कोनी तयार होईना, माह्यासंग बसलं की खेळ सुरू व्हाच्या आधीच संपे.

आन् वर्गात आनखी एक जन अशीच बिनजोडीची होती. शालूबाई. उंद्रीची. चिखलीच्या समितीत खरेदीच्या टेबलावर होती — बालवाडीच्या सतरंज्या, शिलाईच्या मशिनी, असं घ्याचं काम. नवरा मास्तर होता, काविळीनं गेला, मंग तिले नोकरी भेटली. पुऱ्या वर्गात एकटी बाईमानूस. तिच्यासंग बसाले लोकं लाजत आन् माह्यासंग बसाले कंटाळत, तं सायबानं आमाले दोघाले एका बाकड्याच्या दोन बाजूले बसवलं. तिनं पेपराचा कागद दुमडून पाकीट केलं, पुढं आली, म्हने, "सायेब, उशीर झाला, पोरगी तापानं फनफनली होती." आन् मी काय म्हनावं — मी म्हटलं, "आता कशी हाय?" तिनं पाकीट जरासं खाली केलं. मंग हळूच म्हने, "काल उतरला ताप. माह्या मायपाशी हाय उंद्रीले." म्हनजे ते खरंच होतं जी. पोरगी खरंच बिमार होती, आन् ही इथी पाकिटाचा खेळ खेळून राह्यली होती. मी पाकीट घेतलं. सायेब म्हटले, "आपण पुन्हा नापास."

मंग उलटं केलं. ती बाबू, मी ठेकेदार. मी लय जोर लावला बरं का — रडलो, हात जोडले, म्हटलं लेकराबाळाचा धनी हाय. तिनं सगळं आयकून घेतलं, मान खाली नाही, वर नाही, समोर. म्हने, "नाही घेता येत. पेटी बंद झाली. पुढच्या खेपेले लवकर या." आन् मंग मले पान्याचा गिलास पुढं केला, म्हने, "उन्हाचे आले, पानी घ्या. घरचे बरे हायेत ना?" म्हनजे आधी नाही, मंग खुशाली. मी खुशालीपासून सुरू करतो, म्हनून नाहीपर्यंत पोचतच नाही — ते मले तवा समजलं. मधल्या सुट्टीत रांजनापाशी मी इचारलं, तुमाले हे कोनं शिकवलं. ती म्हने, कोनी नाही. म्हने, नवरा गेल्यावर तेरवी झाली आन् दीर कागद घेऊन आला, वावर आमच्या नावानं करून दे, तुले काय कराचं वावर. सासू संग, चुलतसासरा संग, सगळा ओटा भरून बसले. म्हने, माह्या तोंडून जिंदगीत पहिल्यांदा नाही निंगालं ते तवा, आन् ते म्हटल्यावर मी सगळ्यायले जेवाले वाढलं. मी म्हटलं, जेवले ते? ती म्हने, दीर नाही जेवला. सासू जेवली.

नाही, म्हनजे हे मी तुमाले ट्रेनिंगचं सांगून राह्यलो. ट्रेनिंग असं होतं. मंग ती रोज मले शिकवे. सुट्टीत, रांजनापाशी. म्हने, म्हना नाही. मी म्हनो, नाही. म्हने, असं नाही, हे तं कोनाची माफी मागून राह्यल्यासारखं झालं. शेवटच्या दिवशी सायबानं परत उभं केलं, आन् मी म्हटलं एकदाचं. सायेब म्हटले, "ठीक." उत्तम नाही म्हटले, ठीक म्हटले. पन त्यायच्या ठीकवर मी बुलढान्यापासून जळगावलोक एस्टीत हासत आलो, बाजूची बाई पिशवी घेऊन दुसऱ्या बाकड्यावर जाऊन बसली.

मंग इथी आल्यावर खरी गंमत. वरवट बकालच्या शाळेच्या खोल्यायचं टेंडर निंगालं. तुमी उकंडरावायले वळखत असान — नाही? माह्या आईच्या माहेरचे. मामा म्हनतो मी त्यायले. मोठे ठेकेदार, मोठी शेती. माहा बाप गेला तवा दिवसाचं, तेरवीचं सगळं त्यायनं केलं, घरात जवारीचं पोतं त्यायनं टाकलं, या नोकरीसाठी शब्दबी त्यायनंच टाकला. आन् त्या दिवशी पेटी बंद झाली, मी लाख लावली — चांगली लावली — दोन ठेकेदार समोर उभे होते, आन् मामा आले. लय उशीर नाही, चा पेवाले लागते तेवढा. पाकीट पुढं केलं, म्हने, "हिंमता, घे." हात माह्यावाला निंगाला होता बरं, मी त्याले दुसऱ्या हातानं धरला. आन् घाबरून मले वरहाडी येईचना, तोंडातून पुन्याचे सायेब निंगाले. म्हटलं, "आपली विनंती मान्य करता येणार नाही." मामानं मांगं पाह्यलं, हा कोनाले आपण म्हनून राह्यला. बाजूच्याले इचारलं, "काय म्हनते बे हा?" मंग मले शालूबाईचं आठवलं, मान सरळ. मी सरळ केली, पन जास्त झाली, एवढी वर गेली की मले मामाचं तोंड दिसेना, भिंतीवरची पाल दिसे. त्या पालीकडं पाहूनच म्हटलं, "मामा, नाही घेत. पेटी बंद झाली."

मामा ओरडले नाहीत. ओरडले असते तं बरं झालं असतं. हळूच म्हटले, "तुह्या बापाच्या दिवसाले मी घड्याळ पाह्यलं होतं का रे?"

खुशाली इचाराची होती, तीबी गेली इसरून. खाली बसलो खुर्चीवर. पाकीट नाही घेतलं पन. ते गेले. आन् तुमाले वाटत असंन की मंग ती शाळा मोठी मजबूत झाली — नाही जी. ज्याले काम भेटलं त्यानं काय दिवे नाही लावले, पहिल्याच वाऱ्या-वावधनात टिना उडून बाजूच्या वावरात पडल्या. मामानं बांधली असती तं कदाचित उडाल्या नसत्या. तेबी माह्याच नशिबी. घरी आई मले बोले नाही. बोले तं मिठापुरतं. आन् मामीच्या भाचीसंग माह्यं ठरत आलं होतं, ते त्यायनं थांबवलं — हे कारभाऱ्यानं सांगतलं का तुमाले? नाही सांगतलं. तो सांगनारच नाही. त्याच्या मांगं आनखी दोन ठिकानं फिरले, कोनीतरी सांगते ना, की हा पोरगा मानूस वळखत नाही म्हनून. तुमाले मी सांगून टाकलं, बरं झालं, नंतर कळल्यापेक्षा.

तं नाही म्हटलं खरं, पन हे सांगू कोनाले. इथी सांगतलं की शिव्या. म्हनून मी चिखलीले गेलो. हापिसच्या कामानं गेलो — त्यायच्याकडं पेटीचं कुलूप नव्या तऱ्हेचं हाय म्हनत, तो नमुना पाहाचा होता. खामगावावरून गेलो, दिवस लागला पुरा. ती टेबलावर होती, सतरंज्या मोजून घेऊन राह्यली होती. मी सगळं सांगतलं, आपण म्हटल्याचं, पालीचं, मले वाटलं हासन. ती हासली पालीपर्यंत. मंग मामा काय म्हटले ते सांगतलं, तं तिनं पदरानं डोळे पुसले. आन् म्हने, "मंग गेलते का त्यायच्या घरी?" मी म्हटलं, कोन्या तोंडानं जाऊ. ती म्हने, "ज्याले नाही म्हटलं त्याच्या घरी जाऊन बसा लागते. बोलू नका काही, बसा फक्त. नाहीतं ते नाही दगडासारखं राह्यते तथीच." गेलो मी. वरवटले मामाच्या ओट्यावर जाऊन बसलो. मामा बोलले नाहीत, मीबी बोललो नाही. मामीनं चा आनला. दोघायनं पेला. पुढच्या टेंडरले मामा सगळ्यायच्या आधी हापिसच्या पायरीवर येऊन बसेल होते. पाकीट टाकलं पेटीत, माह्याकडं पाह्यलं नाही. पन दिवाळीले मामीनं आईसाठी अनारसे पाठवले, तवापासून आई मले भाजी कोनती करू म्हनून इचारू लागली.

ते सांगाले परत चिखलीले गेलो. मंग एकडाव लाखेचं इचाराले. मंग आनखी एकडाव — आता काऊन गेल्तो ते आठवत नाही. तथचा शिपाई मले पाह्यलं की स्टूल आनून ठेवते. तिच्या पोरीले एकदा हापिसात आनलं होतं, ते लेकरू मले पाकीटवाले काका म्हनते. शालूबाई म्हने, तुमी हा घट्ट कॉलरचा सदरा नका घालत जाऊ, गळा धरल्यासारखं दिसते. म्हनून आज हा ढिला घातला. आईनं तं दुसराच काढून ठेवला होता तुमच्यासाठी —

काय म्हटलं? कोन शालूबाई — सांगतलं ना, ट्रेनिंगमधली. कोनी नाही तशी. हापिसची वळख. नाही, मी लय वेळा नाव घेतलं का? असंन. ट्रेनिंगचं सांगतो म्हटलं की तिचं येतेच, दुसरं होतं काय त्या ट्रेनिंगमधी, लाख आन् ती.

आपल्याच समाजाची हाय, हो. हो, पोरगी एकच हाय. नाही, वावर तिच्याच नावानं हाय, पन त्याचं काय — काय जी? तिलेच काऊन नाही इचारत?

इचारत काऊन नाही. आता हे पाहा नारायणराव, तुमी मोठे हा, तुमाले समजते. ते — असं कसं इचाराचं. विधवा बाई, लेकरू पदरात, मी कुवारा. लोकं काय म्हनतीन. लोकायचं जाऊ द्या, लोकं तसेबी म्हनून राह्यले. आई. आईनं माह्यासाठी काय काय पाह्यलं असंन मनात, वाजंत्री, मांडव, सगळं नवं. आन् मी आईले आजलोक कोन्या गोष्टीले नाही म्हटलं नाही. तिनं इचारलं, नांदुऱ्याचे पाहुने बोलवू का, मी म्हटलं हाव. तुमच्या पोरीत काही खोट असंन म्हनून नाही जी, मी तिले पाह्यलंबी नाही, लाखात एक असंन. पन मी तुमच्यापुढं इथी बसलो आन् मले वाटून राह्यलं की हे सगळं उद्या चिखलीले जाऊन कसं सांगाचं — की असे असे पाहुने आल्ते, मी इंजिनेर नाही म्हटलं, आन् ती हासन — हे वाटून राह्यलं मले. आता तुमीच सांगा, असा मानूस तुमच्या पोरीले —

तुमी माह्या मांगं काय पाहून राह्यले?

आई. तू कवा आली. — मांगच्या दारानं आली का. दूध ठेव ना खाली, हात दुखन.

आई, मी नुसतं ट्रेनिंगचं सांगत होतो यायले.

— काय? आशा. आशा नाव हाय पोरीचं. पाच वर्षाची असंन. — हाव, खोकला राह्यते तिले, थंडीत. तुले कसं माहीत? मीच सांगतलं होतं का, जेवता जेवता?

— रुई? कोनती रुई?

नारायणराव, ते — जुन्या लोकायचं हाय ते. कुवाऱ्या पोरानं विधवा बाईसंग पाटाचं लगन लावाचं असंन तं आधी त्याचं रुईच्या झाडासंग लगन लावतात, मंग पाट लागते. आई इचारून राह्यली, आपल्या वावराच्या धुऱ्यावरची रुई हाय का अजून, का काकानं तोडून टाकली म्हने.

हाय, आई. हाय धुऱ्यावर. मोठी झाली.

चा तं घ्या — नाही? उठलेच तुमी. नाही, तुमी रागानं नाही उठले, दिसून राह्यलं मले, हासून राह्यले तुमी. नांदुऱ्याची गाडी स्टँडवर लागेल असंन. मी पोचवाले आलो असतो, पन — या नारायणराव. या तुमी आता.